तालमीच्या अभ्यासिकेसाठी सहा जुने लॅपटॉप: कामाची वही

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

दिवाळीच्या आवराआवरीत कोल्हापुरात आमच्या पेठेत माळ्यावरनं काय निघंल त्याचा नेम नसतो, ह्या वर्षी सहा लॅपटॉप निघाले. तालमीच्या, म्हणजे आमच्या पेठेच्या मंडळाच्या, वरच्या खोलीत मुलींची अभ्यासिका आहे, पोलीस भरती, तलाठी, टायपिंग असं सगळं करणाऱ्या पोरी असतात, आणि फॉर्म भरायला प्रत्येक वेळी नेट कॅफेत जाऊन ताटकळत बसायचं म्हणून मी दसऱ्यालाच सगळ्यांना सांगून ठेवलेलं की बंद पडलेला, स्लो झालेला, कसला पण लॅपटॉप असू दे, भंगारात घालू नका, आधी मला दाखवा.

लोकांनी आत्ताच का दिले ते पण कळतंय. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला, स्क्रीनवर सारखा मेसेज यायला लागला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. ह्या सहापैकी एक पण त्यात बसत नाही. मुदतवाढीचे अपडेट पुढच्या ऑक्टोबरपर्यंत मिळतात पण अभ्यासिकेत एक वर्षाचा जुगाड करून मला चालणार नाही, म्हणून सगळ्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकायचं ठरवलंय, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

वर्गणी जमली १२,००० रुपये. ह्याच्यावर एक रुपया पण मागायचा नाही असं मीच कबूल केलंय, त्यामुळं प्रत्येक पार्ट घ्यायच्या आधी दोनदा विचार.

२ नोव्हेंबर, रविवार

आज नुसतं उघडून बघणे. आईचं आप्पेपात्र मागून आणलं, एका लॅपटॉपचे स्क्रू एका गोल खड्ड्यात, लांब वेगळे, आखूड वेगळे. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वर कीबोर्डला किंवा बोर्डाला टोचतो, कॉलेजच्या लॅबमध्ये हे मी बघितलंय म्हणून एवढी काळजी.

सगळ्यात चांगला नग म्हणजे लेनोव्होचा थिंकपॅड टी४३०, २०१२ चं मॉडेल, तिसऱ्या जनरेशनचा आय५, ४ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. पुण्याला नोकरीला असलेल्या एका दादांचा, डिस्क कोरी करूनच दिली त्यांनी. दुसरा उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधला, दुसऱ्या जनरेशनचा आय५, त्याच्यात २ जीबीच्या दोन रॅमच्या पट्ट्या. त्याच्याबद्दल पुढं लिहीन, तो वेगळा विषय आहे. तिसरा चौथ्या जनरेशनचा आय३, ४ जीबी, आणि त्याची बॅटरी फुगून टचपॅड वर आलेलं. बॅटरी तिथल्या तिथं काढली, दाबली नाही, टोचली नाही, पत्र्याच्या डब्यात घालून गॅलरीत ठेवली, उद्या कॉलेजच्या ई-कचऱ्यात देते. चौथा सहाव्या जनरेशनचा आय५, ह्यात डीडीआर४ म्हणजे नव्या पिढीची रॅम आहे, ४ जीबीच. पाचवा कोअर टू ड्युओ, १ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर२, १६० जीबी डिस्क. सहावा छोटा पातळ, दिसायला सगळ्यात नवा, आणि आतून बघितल्यावर सगळ्यात वाईट वाटलं: २ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, ३२ जीबी ईएमएमसी, म्हणजे डिस्कच्या जागी असलेली चिप, ती पण सोल्डर केलेली. स्लॉट एक पण नाही, बदलायला काहीच नाही. तेरा वर्षांचा थिंकपॅड वाढवता येतो आणि हा त्याच्यापेक्षा कितीतरी नवा, हा येत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमा. पहाटे घाटावर दीपोत्सवाला गेलेलो, त्यामुळं दिवसभर झोप डोळ्यावर. संध्याकाळी फक्त सगळ्या डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ती, वाचली. तीन आकडे बघायचे: पाच नंबरचा, म्हणजे किती सेक्टर बाद करून राखीव सेक्टर वापरले, १९७, म्हणजे वाचताना अडकलेले आणि अजून निकाल न लागलेले, आणि १९९, हा वाढलेला असला तर बऱ्याचदा दोष डिस्कचा नसून केबलचा किंवा कनेक्टरचा असतो.

पाचांपैकी चार डिस्क ठीक. उद्यमनगरच्या डिस्कला पाच नंबरवर ८८ आणि १९७ वर ३१२. ती डिस्क लगेच काढून बाजूला ठेवली, तिच्यावरनं परत बूट करायचं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

राजारामपुरीत जाऊन आले. दोन एसएसडी (फिरती तबकडी नसलेल्या, चिपच्या डिस्क) घेतल्या, २५६ जीबी, सॅटा जोडणीच्या, अडीच इंची, १,९५० ला एक. थिंकपॅडसाठी ८ जीबीची रॅम नवी घेतली, १,५०० ला, पीसी३एल-१२८०० (कमी व्होल्टची डीडीआर३), लेबल बघून घेतलं, स्पीड बरोबर, पिन २०४ बरोबर, सगळं बरोबर. घरी येऊन बसवली तर स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, लाईट लागतीय, बाकी काही नाही. काढली, परत बसवली, दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली, जुनी पट्टी काढून नुसती नवी ठेवली, सोनेरी टोकं पुसली, बायोस (बोर्डाची मूळ सेटिंग) रिसेट केला. रात्रीचा एक वाजला. जुनी पट्टी घातली की लगेच चालू.

८ नोव्हेंबर, शनिवार

कळलं. पट्टी खराब नव्हती आणि लॅपटॉप पण खराब नव्हता, दोघांचं जमत नव्हतं. हे नीट लिहून ठेवते कारण हे कुठल्या लेबलवर मोठ्या अक्षरात नसतं.

रॅमच्या पट्टीवर काळ्या चिप असतात. ८ जीबी म्हणजे ६४ गिगाबिट. चार-चार गिगाबिटच्या चिप असल्या तर १६ लागतात, पट्टीच्या दोन्ही अंगाला आठ-आठ. आठ गिगाबिटच्या चिप असल्या तर आठातच काम भागतं. आता गंमत अशी की इंटेलच्या चौथ्या जनरेशनपर्यंतच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर चार गिगाबिटच्या चिपपर्यंतच ओळखतो, त्याच्या पुढची दाट चिप त्याला समजतच नाही. माझ्या नव्या पट्टीवर मोजून आठ चिप होत्या. लेबलवर बारीक अक्षरात १आरएक्स८ लिहिलेलं असतं ते हेच सांगतं, एक रँक म्हणजे चिपचा एकच गट, आणि त्यातली प्रत्येक चिप आठ बिट रुंद, म्हणून चिप आठच. ह्या वयाच्या लॅपटॉपला ८ जीबी घ्यायची तर २आरएक्स८ बघायचं आणि तरी पण बोटानं चिप मोजायच्या, सोळा.

दुकानदार दादा चांगला माणूस. मी चिप मोजून दाखवल्यावर म्हणाला, "ताई, हे मला पण कुणी सांगितलं न्हवतं, चार पट्ट्या परत आल्या माझ्याकडं अशा." त्यानं जुन्या मालातली सोळा चिपची ८ जीबी काढून दिली, १,१०० ला, वरचे ४०० परत दिले. घरी आल्या आल्या एका दणक्यात चालली. रात्रभर मेमटेस्ट, रॅम तपासायचा प्रोग्राम, लावून ठेवलाय, जुनी पट्टी विकत घेतली की हे करायचंच, आजचा पैसा वाचवून उद्या कुणाचा तरी फॉर्म सबमिट करताना मशीन हँग व्हायला नको.

९ नोव्हेंबर, रविवार

मेमटेस्ट पास, एक पण एरर नाही. आज एक काम मनासारखं केलं. लोक मला कायम विचारतात की आधी रॅम वाढवू का आधी एसएसडी टाकू, पैसे एकाचेच आहेत. मी तोंडानं एसएसडी सांगत आले पण कधी घड्याळ लावून मोजलं नव्हतं. थिंकपॅडवर मोजलं. तोच मिंट दोन्ही डिस्कवर ताजा टाकला, मोबाईलचं स्टॉपवॉच, प्रत्येक गोष्ट तीनदा करून मधला आकडा घेतला.

जुनी डिस्क आणि ४ जीबी: बटण दाबल्यापासून डेस्कटॉप यायला १ मिनिट ३६ सेकंद, त्यानंतर ब्राउझर उघडायला ३३ सेकंद. मग जुनी डिस्क तशीच ठेवून रॅम तिप्पट केली, ४ आणि ८ मिळून १२ जीबी: १ मिनिट ३३ सेकंद, ब्राउझर ३१. म्हणजे रॅम तिप्पट करून तीन सेकंद. मग रॅम परत ४ केली आणि एसएसडी बसवली: २२ सेकंद, ब्राउझर ४ सेकंद.

ह्याचं कारण काय ते अभ्यासिकेतल्या दोघी शेजारी बसलेल्या त्यांना समजावून सांगताना माझं मलाच जास्त स्पष्ट झालं. लॅपटॉपची जुनी डिस्क मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या, एका फेरीला ११ मिलिसेकंद. पाहिजे ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, साडेपाच मिलिसेकंद, आणि त्याच्या आधी सुई त्या रेघेवर सरकवायची त्याला दहा-बारा मिलिसेकंद. एका ठिकाणचं वाचायला सोळा-सतरा मिलिसेकंद गेले, मग सेकंदात अशी साठेक कामं होणार, जास्त नाही. आणि मशीन सुरू होताना हजारो छोट्या छोट्या फायली वाचते, ह्या कोपऱ्यातली एक, त्या कोपऱ्यातली एक. प्रोसेसर बिचारा हात बांधून उभा असतो. एसएसडीत फिरायला काही नाही, तिथं एका वाचनाला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. एक पोरगी म्हणाली, "म्हंजे ताई, रेशनच्या लाईनीत एकच काटा हाय आणि माणसं हजार." तसंच आहे.

मग रॅमचा उपयोग कुठं? तो पण मोजला. ब्राउझरमध्ये बारा टॅब उघडले, त्यात एक व्हिडिओ, एक पीडीएफ प्रश्नपत्रिका. ४ जीबी आणि जुनी डिस्क: मशीन बसलं, कर्सर पण हलेना, कारण रॅम भरली की डिस्कवर ठेवाठेव चालू होते आणि डिस्क आधीच रडतीय. ४ जीबी आणि एसएसडी: चाललं, पण टॅब बदलताना अडकत. १२ जीबी आणि एसएसडी: काही कळलंच नाही. आता कुणी विचारलं की आकडे दाखवून सांगणार, पैसे एकदाच असले तर आधी एसएसडी, आणि मग रॅम ८ पर्यंत.

रात्री थिंकपॅडची जागा पक्की केली. ह्याची एक पट्टी खालच्या झाकणाखाली असते आणि दुसरी कीबोर्डखाली, जुनी ४ जीबी कीबोर्डखालनं काढली आणि तिथं काहीच ठेवलं नाही, कारण ती मला उद्यमनगरच्या मशीनला पाहिजे. एकट्या ८ वर हा व्यवस्थित चालतो. दोन पट्ट्या असल्या की दोन वाटांनी काम चालतं आणि अंगच्या ग्राफिक्सला त्याचा फायदा होतो हे खरं, पण फॉर्म भरायला आणि पीडीएफ वाचायला त्यानं फरक पडत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

उद्यमनगर. आज मामांच्या वर्कशॉपला जाऊन आले. सख्खे मामा नाहीत, बाबांच्या मित्रांना आम्ही सगळी पोरं मामाच म्हणतो. बिडाच्या कास्टिंगचं मशीनिंग करतात, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारं कटिंगचं मशीन) आहे, दोन लेथ. तो लॅपटॉप व्हीएमसीच्या शेजारीच टेबलावर आठ-नऊ वर्षं होता आणि त्यातनं मशीनला प्रोग्राम जायचे. मामांनी लॅपटॉप देताना एकच अट घातलेली, ती आज परत सांगितली, "पोरी, लॅपटॉप तुमास्नीच राहू दे, पर आतले प्रोग्राम आन ड्रॉइंगा तेवढ्या काडून दे. बारा वर्साचं हाय त्यात."

ऑपरेटर दादाला विचारलं काय काय झालेलं, तर म्हणाला रोज सकाळी विंडोज डिस्क तपासून दुरुस्त करू का विचारायचं आणि तो रोज हो म्हणायचा. त्याला कुणी सांगितलेलंच नाही तर तो काय करणार. पण आजारी डिस्कवर असली दुरुस्ती चालवायची नसते. ती दुरुस्ती फाईल सिस्टीमचा हिशोब जुळवते, त्यासाठी डिस्क पूर्ण पिंजून काढते, आणि हिशोब जुळेना म्हणून फायलींचे तुकडे नावं बदलून भलतीकडं टाकते. आधी डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं दुसरीकडं उतरवायचं, मग जी काय दुरुस्ती ती त्या नकलेवर.

लॅपटॉप आतनं साफ करणं हाच एक दिवसाचा उद्योग. बिडाचा चुरा म्हणजे नुसती धूळ नव्हे, काळी, जड, हाताला ग्रॅफाईटसारखी गुळगुळीत, आणि त्यातनं करंट जातो. ब्लोअर मारला असता तर रॅमच्या स्लॉटमध्ये आणि चिपच्या पायांमध्ये जाऊन बसली असती. म्हणून आधी मऊ ब्रशनं बाहेरच्या दिशेनं झाडली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक वरनं फिरवला (डिस्क आधीच बाहेर काढलेली होती), आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कोपरे पुसले. पंखा बोटानं धरून पुसायचा, फिरू द्यायचा नाही. हीटसिंकच्या जाळीतनं जो गठ्ठा निघाला तो वाटीभर होता. जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली, ती काढून नवी लावली. अल्कोहोल आणि पेस्टचे मिळून ३५० रुपये.

१३ ते १६ नोव्हेंबर

तीन रात्री एकच काम, डिस्क उतरवणं. ५०० जीबीची डिस्क यूएसबी ॲडॉप्टरला लावली, थिंकपॅडला यूएसबी ३ आहे म्हणून त्याच्यावरच, आणि माझ्या १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामनं नक्कल. ह्या प्रोग्रामचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे तो हट्ट करत नाही. पहिल्या फेरीत जिथं अडकलं तो भाग सोडून पुढं जातो, आधी जेवढं सहज मिळतंय तेवढं पदरात पाडून घेतो, आणि कुठं काय राहिलं ते एका मॅप फाईलमध्ये लिहून ठेवतो. आजारी डिस्क कधी कायमची बंद पडंल सांगता येत नाही, मग चांगला भाग आधी आणि अवघड भाग नंतर हाच क्रम बरोबर.

पहिल्या रात्री नऊला लावलं, सकाळी सहाला बघितलं तर अगदी थोडा भाग सोडून सगळं आलेलं. १४ ला रात्री लाईट गेली, पाऊण तास. थिंकपॅड बॅटरीवर चालू राहिला पण बाहेरची डिस्क वेगळ्या अडॅप्टरवर होती ती बंद पडली. तरी काही बिघडलं नाही, मॅप फाईल होती, जिथं थांबलं तिथनंच परत सुरू. मॅप फाईल नसती तर पहिल्यापासनं आणि त्या डिस्कला परत एकदा तेवढा ताण.

पुढच्या दोन रात्री राहिलेल्या जागा खरवडून घेणे. डिस्कच्या खाली दोन पेन्सिली ठेवल्या, हवा खेळावी म्हणून, आणि लहान फॅन लावला. दर दोन तासांनी उठून हात लावून बघितलं. रविवारी सकाळी आकडा १४८ केबीवर थांबला, त्याच्या खाली काही केल्या जाईना. ५०० जीबीत १४८ केबी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आता ते १४८ केबी कुणाचे होते ते शोधायचं. नकलेतल्या न वाचलेल्या जागा डीडीरेस्क्यूलाच सांगून एका ठरावीक शब्दानं भरल्या आणि मग सगळ्या फायलींमध्ये तो शब्द शोधला. दोन फायली सापडल्या. एक विंडोजचीच कसली तरी, तिचं काय नाही. दुसरी एका पंपाच्या कास्टिंगचं ड्रॉइंग.

बाकी सगळं आलं. जी-कोडचे, म्हणजे व्हीएमसीला कसं कापायचं ते सांगणारे, प्रोग्राम म्हणजे साध्या अक्षरांच्या फायली, एकेक काही केबीची, एवढ्याशा, पण त्या प्रत्येकामागं ऑपरेटरनं मशीनवर उभं राहून केलेली कटिंगची सेटिंग आहे, ती परत कुठनं आणणार. नकलेची मूळ प्रत हात न लावता ठेवली, फक्त वाचण्यापुरती उघडून फोल्डर बाहेर कॉपी केले. दोन पेनड्राईव्हवर मामांना, तिसरी प्रत त्यांच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर.

मामांना फोन करून त्या एका ड्रॉइंगचं सांगितलं, मला वाईट वाटत होतं. ते म्हणाले, "त्येचं लाकडी पॅटर्न हाय की माळ्यावर. व्हर्नियर लावून मापं घेतो, त्यात काय एवडं."

त्या मशीनला दुसरी एसएसडी बसवली. थिंकपॅडची ४ जीबी आणि त्याची स्वतःची एक २ जीबी मिळून ६. बायोसमध्ये डिस्कशी बोलायचा मोड अजून जुना आयडीई ठेवलेला होता तो नवा एएचसीआय केला, हे मिंट टाकायच्या आधीच करायचं. पंखा आता ऐकू पण येत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चौथ्या जनरेशनचा आय३. पहिल्यांदा वाटलं उद्यमनगरच्या मशीनमधली राहिलेली २ जीबीची पट्टी ह्यात घालू, स्लॉट तोच, २०४ पिन, खाच पण त्याच जागी, बसते सुद्धा. पण ती साधी डीडीआर३ आहे, दीड व्होल्टची, आणि लॅपटॉपच्या चौथ्या जनरेशनला १.३५ व्होल्टचीच लागते, लेबलवर पीसी३ च्या पुढं एल पाहिजे. उलट चालतं, एलवाली पट्टी दीड व्होल्टच्या जुन्या मशीनमध्ये चालते, म्हणून थिंकपॅडला पीसी३एल घातली ती बिनधास्त. आता डब्यावर चिठ्ठ्या चिकटवल्यात, एल आणि बिगर एल.

पीसी३एल ४ जीबी जुनी मिळाली ५५० ला. चिप मोजल्या. मेमटेस्ट रात्रभर, पास. एसएसडीचे पैसे पुढच्या महिन्यात, तोपर्यंत थांबू दे.

३० नोव्हेंबर, रविवार

छोट्या ईएमएमसीवाल्याचं काय करायचं ह्यावर बराच विचार केला. त्यात पैसे घालायची सोयच नाही, आणि २ जीबीत ब्राउझर जेमतेम. शेवटी अभ्यासिकेच्या दाराशी हजेरी आणि पुस्तकांची नोंद करायला ठेवायचा ठरवला, एकच स्प्रेडशीट दिवसभर उघडी, तेवढं तो करतो. लॅपटॉप नवीन घेताना रॅम सोल्डर आहे का स्लॉट आहे हे विचारा, असं मी आता प्रत्येकाला सांगत सुटलीय.

जुन्या डिस्क ज्याच्या त्याला परत देणं चालू आहे. आधार, पॅन, लग्नाचे फोटो, बँकेचे कागद, सगळं असतं त्यात. काकू म्हणाल्या तूच ठेव, तर मी नाही म्हटलं, घरातल्या माणसासमोर वीस रुपयांच्या पाकिटात घालून त्यांच्याच कपाटात ठेवून आले. पाकिटं माझ्या पैशाची, हिशोबात धरलेली नाहीत.

६ डिसेंबर, शनिवार

भाव चढलेत. एसएसडी २,३०० झाली, महिन्याभरात. डीडीआर४ ची ४ जीबी जुनी पट्टी १,४०० ला, दुकानदार दादा म्हणाला उद्या हीच १,६०० सांगेन, सकाळचा भाव संध्याकाळी राहीना. डेटा सेंटरवाल्यांची मागणी एवढी वाढलीय की चिप बनवणाऱ्या कंपन्या तिकडंच वळल्यात, आणि ह्याच आठवड्यात, ३ तारखेला, मायक्रॉननं जाहीर केलं की क्रुशिअल नावानं किरकोळ ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं ते बंद करणार. मी लॅबमध्ये लागल्यापासून ते नाव बघत आलीय, वाचून चरचरलं. लोकांनी माळ्यावरच्या लॅपटॉपातल्या पट्ट्या आता तरी भंगारात घालू नयेत.

दोन एसएसडी आणि ती पट्टी, थांबले नाही, घेऊन टाकलं. सहाव्या जनरेशनच्या मशीनमध्ये छोट्या पट्टीसारख्या एम.२ एसएसडीचा स्लॉट पण होता, पण त्यात सॅटावाली चालते का एनव्हीएमई ह्या दुसऱ्या जोडणीवाली हे त्या मॉडेलच्या कागदात नीट लिहिलेलं नाही, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. चुकीची घेतली तर बऱ्याचदा बसते पण मशीनला दिसत नाही. पैसे मोजके असताना हा प्रयोग नको, सरळ अडीच इंची घेतली.

१४ डिसेंबर, रविवार

चार मशीन तयार. दिवसभर मिंट टाकणं, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू करणं, फाँट, प्रिंटर. एसएसडीला आठवड्यातनं एकदा मोकळी जागा कळवायचं काम मिंट आपोआप करतो, फक्त चालू आहे का ते बघितलं. सगळ्यांना सांगितलं की डिस्क गच्च भरू नका, थोडी मोकळी ठेवा, नाहीतर एसएसडी पण मंदावते.

कोअर टू ड्युओला माझ्या ड्रॉवरमधली जुनी १२० जीबीची एसएसडी दिली. हिच्यात सॅटा जुनं आहे, सेकंदाला तीन गिगाबिटवालं, म्हणजे एसएसडी तिच्या निम्म्या वेगानं चालणार, पण मी आधी लिहिलं तसं, कमाई वेगाची नाही, वाट बघायची वेळ गेली ह्याची आहे. डीडीआर२ साठी पैसे घालवले नाहीत. २ जीबीत ब्राउझर उघडायचाच नाही, नुसतं टायपिंग. मराठी ३० ची (मिनिटाला ३० शब्दांची) टायपिंगची परीक्षा द्यायचीय त्या दोघींनी सकाळपासून तिच्यावरच हात चालवला, म्हणाल्या जुना कीबोर्ड खोल आहे, बोटाला कळतं कुठं दाबलं ते.

२० डिसेंबर, शनिवार

कोअर टू ड्युओची तक्रार. नियम मोडून कुणीतरी तिच्यावर हॉलतिकीट काढायला ब्राउझर उघडला, एक पण वेबसाईट उघडेना, प्रत्येक ठिकाणी कनेक्शन सुरक्षित नाही. बाकीच्या मशीनवर नेट व्यवस्थित. पोरींनी राऊटर दोनदा बंद-चालू केला. मी आल्यावर कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं, १ जानेवारी २००९. बोर्डावरची बटणासारखी बॅटरी संपलीय, प्लग काढला की तारीख मागं जाते, आणि वेबसाईटचं सर्टिफिकेट २००९ मध्ये अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून ब्राउझर नकार देतो.

सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात ४० रुपये. बसवली, तारीख लावली, हॉलतिकीट निघालं.

हिशोब: एसएसडी चार ८,५००, रॅम तीन पट्ट्या ३,०५०, पेस्ट आणि अल्कोहोल ३५०, बॅटरी ४०. एकूण ११,९४०. शिल्लक ६० रुपये तालमीच्या पेटीत टाकले, पावती वहीला पिन केली.